साठीनंतरची फारकत : आधी सातबारा पाहा

“बाई, माही फारकत झाली हाये का नाही, तेवढं पाहून सांगा.”

हे विचारणाऱ्या काकू ६२ वर्षांच्या. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात विधी सेवा समितीच्या टेबलावर मी स्वयंसेवक म्हणून बसते, तिथं त्या आल्या होत्या. ‘लाडकी बहीण’चा फॉर्म भरणाऱ्या पोरानं त्यांना विचारलं, “आजी, विवाहित लिहू, घटस्फोटित लिहू का परित्यक्ता?” आणि त्यांना सांगता येईना. मग घरी जाऊन त्यांनी ट्रंकेतलं गाठोडं काढलं. जुन्या लुगड्याच्या फडक्यात रेशनकार्ड, थोरल्याचा शाळा सोडल्याचा दाखला, बचत गटाचं पासबुक आणि शंभराचा एक स्टॅम्प पेपर. घड्यांवर तो इतका विरला होता की उलगडताना मी दोन्ही हात लावले. १९९९ सालचा. वर मजकूर, खाली पाच पंचांच्या सह्या, नवऱ्याची सही आणि कोपऱ्यात जांभळ्या शाईचा अंगठा. मजकूर दोनच ओळींचा : आम्ही उभयता राजीखुशीने विभक्त होत आहोत, यापुढे एकमेकांवर कोणताही हक्क राहणार नाही.

नवऱ्यानं तेव्हा दुसरी बाई आणली होती. काकू त्याच गावात धाकट्या पोराजवळ, मागच्या टिनाच्या खोलीत राहिल्या. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या वावरात निंदण, वेचणी करून पोट भरलं. महालक्ष्म्यांच्या जेवणाला कोणी सवाष्ण म्हणून बोलावलं नाही, पण त्यांनी गळ्यातली काळी पोतही काढली नाही.

मी सांगितलं, “काकू, कायद्यानं तुमची फारकत झालेलीच नाही.”

त्या बराच वेळ त्या कागदाकडेच पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “मंग इतके वर्स मी कोन होतो?”

हा लेख त्यांच्यासारख्यांसाठी आहे, आणि त्यांच्या पोरासुनांसाठीही. साठीच्या उंबरठ्यावर किंवा त्यापुढे वेगळं व्हायचं म्हटलं की प्रश्न पंचविशीतल्यासारखा राहत नाही. तेव्हा लेकरू कोणाकडे, दुसरं लग्न होईल का, हे प्रश्न असतात. आता प्रश्न असतो वावराचा, घराच्या छपराचा, औषधाचा आणि चाळीस वर्षं राबून जे उभं केलं त्यात आपलं काय, याचा. म्हणून माझ्याकडे कोणी ‘फारकत पाहिजे’ म्हणत आलं की मी आधी सातबारा आणायला सांगते, वकिलाचं नंतर बघू म्हणते. का, ते पुढे कळेल.

पंचांच्या कागदाला किती किंमत

हिंदू विवाह कायदा १९५५ चा. तो हिंदूंसोबत बौद्ध, जैन आणि शीख घरांनाही लागू आहे. १९५६ मध्ये नागपूरला दीक्षा घेतलेल्या आपल्याकडच्या हजारो घरांनाही हाच कायदा. या कायद्यात फारकत कोर्टच देतं. अपवाद एकच : कलम २९ म्हणतं की एखाद्या जातीत रूढीनं काडीमोड होत असेल तर ती रूढी कायम राहील. आपल्या भागात अनेक जातींत काडीमोडीची चाल होती, हे खरं. पण ती रूढी जुनी आहे, सलग चालत आलेली आहे, आणि आपल्याच जातीतली आहे, हे जो सांगतो त्यानं कोर्टात सिद्ध करायचं असतं. सर्वोच्च न्यायालयानं २००२ च्या एका निकालात हे स्पष्ट सांगितलं आहे. पाच पंच बसले, स्टॅम्प घेतला, नोटरीचा शिक्का मारला, एवढ्यानं लग्न मोडत नाही.

गोंड, कोरकू, कोलाम अशा अनुसूचित जमातींना हा कायदा मुळात लागू नाही, त्यांच्याकडे जमातीची रूढीच चालते. मुस्लिम बायकांसाठी १९३९ चा विवाहविच्छेद कायदा आहे, शिवाय ‘खुला’, म्हणजे बायकोनं मागून घेतलेली फारकत, आहे. आणि एका दमात तीन वेळा तलाक म्हणणं २०१९ पासून गुन्हा आहे. त्यांच्या वाटा वेगळ्या, म्हणून इथं मी पुढचं हिंदू विवाह कायद्यातलंच सांगते. पुढे पोटगीचं जे कलम १४४ येईल त्यात मात्र धर्माचा अडसर नाही.

म्हणजे काकू अजून कायदेशीर बायको. नवऱ्याचं दुसरं लग्न कायद्याच्या नजरेत झालेलंच नाही. त्या दुसऱ्या बाईचं यात काही चुकलं असं मी म्हणत नाही. पंचांच्या कागदावर विश्वास ठेवून तिनंही आयुष्य काढलं. फसवून दुसरेपणावर आणलेल्या बाईलाही पोटगी मिळू शकते असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये म्हटलं आहे.

त्या स्टॅम्पवरचा एक शब्द मात्र मला टोचला : ‘राजीखुशीने’. नवरा-बायको दोघांच्या संमतीनं वेगळे राहत असतील तर बायकोला पोटगी नाही, असं पोटगीच्या कलमातच लिहिलं आहे. कागद लिहिणाऱ्याला ते ठाऊक होतं की नाही कोण जाणे, पण असे कागद पुढे कोर्टात बायकोविरुद्ध वापरले जातात. सुदैवानं त्याच कलमात हेही आहे की नवऱ्यानं दुसरी बाई ठेवली असेल तर बायकोनं वेगळं राहणं रास्त आहे. त्यामुळे काकूंना बाजू मांडता येते. पण ज्या घरात आज असा कागद लिहायचं चाललं आहे, त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे : आईचा अंगठा घेण्याआधी तो कागद कोणा जाणत्याकडून वाचून घ्या.

घटस्फोटानं काय सुटतं

आता सातबाऱ्याकडे येऊ.

आपल्याकडे पुष्कळांचा समज आहे की घटस्फोट झाला की नवऱ्याची अर्धी इस्टेट बायकोला मिळते. तसा कायदा आपल्या देशात नाही. ज्याच्या नावावर वावर, त्याचं वावर. चाळीस वर्षं तिनं निंदलं, खुरपलं, डोक्यावरून शेणखत वाहिलं, तरी घटस्फोटाच्या दिवशी सातबाऱ्यावर तिचं नाव आपोआप चढत नाही. मला हा कायद्यातला सगळ्यात मोठा अन्याय वाटतो. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली होती ती याचसाठी : जित्या नवऱ्यानं स्वखुशीनं बायकोच्या नावे जमीन करून द्यावी. ज्यांनी तेव्हा केली त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्या आज निराळ्याच ताठपणानं बसतात, हे मी पाहिलं आहे.

उलट घटस्फोटानं बायकोच्या हातून एक गोष्ट नक्की जाते. ती त्याची वारस राहत नाही.

काकूंचंच उदाहरण घ्या. नवऱ्यानं स्वतः विकत घेतलेली सहा एकर आहे. काकूंची दोन पोरं आणि एक पोरगी, दुसऱ्या बाईचा एक मुलगा. त्या मुलाचा बापाच्या मालमत्तेवर हक्क आहे, कारण आईबापाच्या लग्नातला दोष लेकराला चिकटत नाही. नवरा मृत्युपत्र न करता गेला तर सहा एकराचे, म्हणजे २४० गुंठ्यांचे, पाच सारखे वाटे : काकू आणि चार लेकरं. काकूंना ४८ गुंठे, म्हणजे एक एकर आठ गुंठे. आणि त्याआधी कोर्टातून घटस्फोट झाला असेल तर चारच वाटे, दीड-दीड एकराचे, आणि काकूंच्या नावे एक गुंठाही नाही.

जमीन वडिलोपार्जित असेल तर हिशेब आणखी वेगळा. तिथं पोरापोरींचा जन्मापासून हक्क असतो, मुलींचाही मुलांइतकाच. बायको स्वतः वाटणी मागू शकत नाही, पण बाप आणि पोरांमध्ये वाटणी झाली तर आपल्याकडच्या हिंदू कायद्याप्रमाणे आईलाही पोराइतका हिस्सा काढावा लागतो. ही गोष्ट गावात फार थोड्यांना ठाऊक आहे. तहसीलमध्ये वाटणीपत्र होताना आईकडून ‘हक्क नाही’ असं लिहून घेतात आणि ती अंगठा उठवते. वाटणीच्या आधी घटस्फोट झाला तर हा हिस्साही गेला.

एक सावधगिरी सांगायलाच हवी. स्वकष्टाची जमीन नवरा मृत्युपत्रानं कोणालाही देऊ शकतो, जितेपणी विकू शकतो, बक्षीसपत्र करू शकतो. म्हणून वारस म्हणून नुसतं वाट पाहत बसण्यातही धोका आहे. सातबारा, फेरफार (मालकी बदलल्याची नोंद) आणि ग्रामपंचायतीचा नमुना आठ (घराचा उतारा) एकदा काढून पाहायचा तो यासाठी : जमीन कोणाच्या नावे, कशी आली, इतर हक्कात काय लिहिलंय, वर्ग एकची की दोनची (दोनची विकायला सरकारी परवानगी लागते), घर कोणाच्या नावे. घरकुल मंजूर झालं असेल तर ते बहुतेक बाईच्या किंवा दोघांच्या नावे असतं, ते विसरू नका.

लग्न न मोडताही वेगळं राहता येतं

टेबलावर आलेल्या दहा म्हाताऱ्या माणसांना ‘तुम्हाला नेमकं काय पाहिजे’ म्हणून विचारलं तर घटस्फोट हे उत्तर क्वचित येतं. “मार नको.” “दोन टाइम खायला पाहिजे.” “त्याच्यासाठी स्वयंपाक करनं होत नाही आता.” “पोरायनं मले इकडून तिकडं फेकू नये.” यातलं बरंचसं लग्न न मोडता मिळू शकतं.

हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६, याच्या कलम १८ नुसार बायको रास्त कारण असेल तर वेगळी राहून निर्वाहखर्च मागू शकते. विवाह कायद्याच्या कलम १० मध्ये न्यायिक विभक्तता आहे : एकत्र राहायची सक्ती संपते, लग्न आणि त्यासोबतचा वारसाहक्क टिकतो. घरात मारझोड, शिव्या, उपाशी ठेवणं असेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंध कायदा आहे. त्यात राहत्या घरात राहण्याचा हक्क मिळवता येतो, मग ते घर सासऱ्याच्या नावे असो की नवऱ्याच्या. हिंसाचार सत्तराव्या वर्षीही हिंसाचारच असतो. “म्हातारपणी कुठं तक्रार करता” असं जो कोणी म्हणतो, त्याचं ऐकू नका.

आणि तरीही कोणाला घटस्फोटच हवा असेल तर तोही हक्क आहे. एका निवृत्त मास्तरणीनं मला सांगितलं होतं, “मला त्याची जमीन नको, पेन्शन नको. माझ्या तेराव्याच्या पत्रिकेवर त्याचं नाव नको.” तिच्यासाठी वारसाहक्काचं गणित गैरलागू होतं. मी ते तिला एकदा समजावून सांगितलं आणि मग अर्ज लिहायला मदत केली.

दोघं राजी असतील तर विवाह कायद्याचं कलम १३ ब. वर्षभर वेगळं राहिलेलं असावं. वेगळं म्हणजे वेगळ्या गावातच असं नाही. एकाच छपराखाली दोन चुली असतील आणि नवरा-बायकोसारखं नातं नसेल तरी ते वेगळंच, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये म्हटलं आहे. आपल्याकडे कित्येक म्हातारी जोडपी अशी राहतात : पुढच्या खोलीत थोरल्यासोबत बाप, मागं धाकट्यासोबत आई, मध्ये तुऱ्हाट्याची तट्टी. अर्जानंतर सहा महिने थांबून पुन्हा दोघांनी हजर व्हायचं. २०१७ पासून ही सहा महिन्यांची मुदत कोर्ट माफ करू शकतं, आणि वयस्कर जोडप्यांनी ती माफी जरूर मागावी. निकाल लागेपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतो, हेही ध्यानात ठेवा.

एकजण राजी नसेल तर क्रूरता, दोन वर्षं सोडून जाणं, व्यभिचार अशी कारणं सिद्ध करावी लागतात. आणि सिद्ध कोण करणार? साक्षीला उभी राहतात आपलीच पोरं. हा रस्ता लांब आहे. हरियाणातल्या कर्नालच्या एका शेतकरी जोडप्याचं प्रकरण २०२४ मध्ये तडजोडीनं मिटलं. लग्न १९८० चं, २००६ पासून दोघं वेगळे, खटला अठरा वर्षं लांबलेला, आणि शेवटी सत्तरीतल्या नवऱ्यानं जमीन विकून, पीक विकून तीन कोटी सात लाख रुपये दिले. आपल्या कोरडवाहू कापसाच्या वावरातून असे आकडे निघणार नाहीत, पण अठरा वर्षं मात्र इथंही जाऊ शकतात.

नुसतं ‘लग्नात काही उरलं नाही’ हे कारण खालच्या कोर्टात चालत नाही. ते म्हणण्याचा खास अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाला आहे, आणि तेही तो नेहमी वापरत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये ८९ वर्षांच्या एका गृहस्थांनी तिथं घटस्फोट मागितला होता. लग्न १९६३ चं, बायको ८२ वर्षांच्या. त्या म्हणाल्या, घटस्फोटितेचा शिक्का घेऊन मला मरायचं नाही. कोर्टानं त्यांची भावना मान्य केली आणि लग्न मोडायला नकार दिला. हा निकाल मी काकूंना सांगितला तेव्हा त्या नुसत्या हो म्हणाल्या, पण दोनदा म्हणाल्या.

पोटगी : मंजूर होणं वेगळं, हाती पडणं वेगळं

पोटगीचं फौजदारी प्रक्रिया संहितेतलं जुनं कलम १२५ आता राहिलं नाही. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालं. जिल्ह्याला जायची गरज नाही, जिथं कौटुंबिक न्यायालय नाही तिथं तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज होतो. घटस्फोट झालेली बाईसुद्धा दुसरं लग्न करेपर्यंत पोटगी मागू शकते. बाईला विधी सेवा समितीकडून वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात तसं लिहिलंच आहे. फोन करायचा तर १५१००.

लग्नाचा दाखला नसल्यामुळे घाबरून कितीतरी बाया परत जातात. १९८० च्या लग्नाचा दाखला गावात कोणाकडे असतो? रेशनकार्ड, मतदार यादी, पोरांचे शाळेचे दाखले, लग्नाचा एखादा फोटो, लग्नात जेवून गेलेला एखादा म्हातारा, हे सगळे पुरावे आहेत. पोटगीच्या अर्जात लग्नाचा कडक पुरावा लागत नाही.

शेतकऱ्याचं उत्पन्न काय, यावर सगळा वाद. नवरा म्हणतो, सोयाबीन पाण्यात गेलं, बोंडअळीनं कापूस खाल्ला, काहीच नाही. कधी ते खरंही असतं. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्याघेण्याचं प्रतिज्ञापत्र देणं बंधनकारक केलं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असं सांगितलं. म्हणून खरेदी केंद्राच्या पावत्या, सोसायटीच्या कर्जाचा उतारा, पीकविम्याची यादी, पीएम किसानचे हप्ते पडतात ते खातं, हे जमवून ठेवा. गावात हे कागद मिळतात, फक्त मागायचा संकोच सोडावा लागतो.

आता वसुली. नवऱ्यानं पैसे दिले नाहीत तर वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. “देईल, देईल” म्हणत तीन वर्षं थांबलेल्या एका बाईची जुनी थकबाकी या नियमानं अडकली. मला त्याचं आजही वाईट वाटतं, कारण ती आधी आली असती तर दोन पानांच्या अर्जाचं काम होतं.

शेतकऱ्याकडे दर महिन्याला पैसा येत नाही, तो येतो दिवाळीपासून फाल्गुनापर्यंत. म्हणून तडजोड होत असेल तर मी दोनच गोष्टी सुचवते. एक, रोख पैशापेक्षा जमीन बाईच्या नावे करून घ्या. तिथं तुकडेबंदी (जमिनीचे फार लहान तुकडे पाडायला बंदी), वर्ग दोनची परवानगी, सोसायटीचा बोजा, आदिवासी जमिनीचे निर्बंध हे आधी तपासा, नाहीतर कोर्टाचा हुकूमनामा होतो आणि फेरफार अडतो. हुकूमनाम्यात गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा लिहून घ्या. ‘हयातीपर्यंत उपभोग’ असे शब्द आले तर तीन वेळा विचारा. निर्वाहाच्या हक्कापोटी बाईला मिळालेली जमीन तिच्या पूर्ण मालकीची होते असं हिंदू वारसा कायद्याचं कलम १४ म्हणतं, पण अशा एखाद्या शब्दावरून वर्षानुवर्षं दावे चालतात. दुसरी गोष्ट, जमीन देत नसेल तर घटस्फोटाच्या हुकुमातच पोटगीचा बोजा त्याच्या जमिनीवर चढवून मागा. विवाह कायद्याचं कलम २५ तशी सोय देतं. सातबाऱ्याच्या इतर हक्कात तो लागला की जमीन गुपचूप विकणं अवघड होतं. रक्कम फार मोठी नसली तरी चालेल, नाव सातबाऱ्यावर दिसतं.

पेन्शनवाले थोडे असतात, पण त्यांचा प्रश्न मोठा असतो. घटस्फोट झालेल्या बायकोला नवऱ्यामागं कुटुंब निवृत्तीवेतन मिळत नाही. शिक्षक, पोलीस, एसटी, वीज मंडळातून निवृत्त झालेल्यांच्या घरी हा हिशेब सही करण्याआधी मांडा. आणि बाईनं सोसायटीच्या किंवा बँकेच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली असेल तर घटस्फोटानं तो जामीन सुटत नाही. बँकेच्या खात्यात, विम्यात नॉमिनी म्हणून कोणाचं नाव आहे तेही बदलायचं राहून जातं.

सरकारी मदतीचं थोडक्यात. लाडकी बहीणचे १५०० रुपये ६५ वर्षांपर्यंतच, त्यात परित्यक्ता आणि घटस्फोटितही बसतात. संजय गांधी निराधार योजनेतही घटस्फोटित, घटस्फोटाचा अर्ज चालू असलेल्या आणि परित्यक्ता बायका येतात, उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१ हजार. ६५ नंतर श्रावणबाळ. रेशनकार्ड वेगळं करून घेतलं की पुढचे निम्मे कागद सोपे होतात.

पोरांपासूनही काही मागता येतं, हे बोलायला आयांना लाज वाटते. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठीच्या २००७ च्या कायद्यानं साठीच्या पुढच्या आईबापांना उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज करून महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाह मागता येतो. पोरांच्या नावे बक्षीसपत्र करताना ‘आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे वाक्य त्यात लिहून घ्या. पुढे सांभाळलं नाही तर त्याच वाक्याच्या जोरावर ते रद्द करता येतं.

पोरं, गाव आणि रात्र

कायद्याचं कितीही सांगितलं तरी माझ्याकडचे निम्मे लोक अडतात ते इथं.

चाळिशीतली पोरं आईवर सगळ्यात जास्त चिडतात. “आता तुले हे काहून सुचून रायलं? पोरीची सोयरीक जमत आली, पाहुने काय म्हनतीन?” त्यांची भीती खोटी नसते. गावात सोयरीक जमवताना आजी-आजोबांपर्यंत चौकशी जाते. पण त्याच पोरांनी लहानपणी आईला कोठ्यात लपताना पाहिलेलं असतं. एका मुलानं माझ्यासमोर आईला शिव्या दिल्या आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन रडला. मी त्याला पाणी दिलं. तो म्हणाला, “बापाले सोडलं तं त्याले भाकर कोन देईन?” त्याला बापाची भाकर स्वतःच्या घरात यायची भीती होती, आणि तो ते बोलू शकत नव्हता.

त्या भाकरीचा प्रश्न खरा आहे. पुरुषांबद्दल आपण कमी बोलतो. एक निवृत्त गुरुजी, वय ६८. बायको कायमची लेकीकडे निघून गेली. चूक बहुतांशी त्यांची होती, त्यांनी ती लपवलीही नाही. ते मला विचारायला आले होते की तिला पोटगी कशी पाठवायची, कोर्टात न जाता. मग म्हणाले की चहात पत्ती किती टाकतात ते त्यांना ठाऊक नव्हतं, शेजारच्या सुनेला विचारलं तर ती दाराआडून सांगून आत गेली. ते मधुमेहाचे पेशंट. सेवाग्रामला तपासणीला न्यायला कोणी नाही. मी त्यांना पोटगीचं सांगितलं, आणि आशाताईंना सांगून आरोग्य केंद्रात दर आठवड्याला साखर तपासायची सोय लावली. एकटं पडलेल्या म्हाताऱ्या पुरुषाची विचारपूस कोणी करत नाही. त्यानं वाईट वागवलं असेल तरी दिवसातून एकदा त्याचं दार वाजवा.

बायकांना एकटेपणाचं भय निराळं असतं. माहेर उरलेलं नसतं, भाऊ म्हातारा, भावजय परकी. दिवसा वावरात वेळ जातो. रात्र जात नाही. पोळ्याला, महालक्ष्म्यांना, नातवाच्या बारशाला कुठं बसायचं ते ठरत नाही. बचत गटाच्या बायांनी इथं जे केलं आहे ते मी कोणत्याच सरकारी कार्यालयाला करताना पाहिलं नाही : एकटीला घरी जेवायला बोलावणं, रात्री सोबतीला पोरगी पाठवणं, तारखेला कोर्टात सोबत येणं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे दोघी-तिघी मिळून येतात आणि व्हरांड्यात फडकं अंथरून भाकर सोडतात. झोप उडाली, जीव नकोसा झाला, असं कोणी म्हणालं तर १४४१६ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं. त्या बाईला फोन लावून द्या आणि ती बोलेपर्यंत शेजारी बसा.

काकूंनी घटस्फोट मागितला नाही. आम्ही पोटगीचा आणि घरात राहण्याच्या हक्काचा, असे दोन अर्ज केले, आणि नवऱ्यानं जमीन विकू नये म्हणून मनाई मागितली. फॉर्मवर त्यांनी ‘परित्यक्ता’ लिहायला सांगितलं. ‘विवाहित’ लिहिता आलं असतं, पण त्या म्हणाल्या, “जे हाये ते लिहा.”

१९९९ चा तो स्टॅम्प आम्ही अर्जाला जोडला. झेरॉक्स काढताना तो घडीवर फाटला, काकूंनी पिशवीतून सेलोटेप काढून दिली. निघताना त्यांनी एकच विचारलं :

“तारीख दसऱ्याच्या आंधी लागन का? मंग वेचनी सुरू होते, मले रिकामपन भेटत नाही.”